दार जरा उचलून

रविवार, ८ जानेवारी

या घरात मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: जेवणाच्या खोलीतलं ओकचं गोल टेबल, एकही खिळा न मारता, त्याच्या पोटातली विजेची शेगडी, जुन्या कोळशाच्या पितळी तबकात बसवलेली, तिच्याभोवतीचं पाय टेकायचं लाकडी कडं, स्वयंपाकघरातली सगळी कपाटं, न्हाणीघराचं दार, न्हाणीघरातले नळ, ज्यांत गरम आणि गार यांच्या जागा उलट आहेत, कारण तसं केल्याने पाइप सरळ जातो, दारिओच्या खोलीतला पलंग आणि त्याखालचे खण, सगळ्या खिडक्यांची गुंडाळती शटरं, पट्ट्यांसकट, गॅलरीतली कपड्यांची दोरी, कप्पीवर फिरणारी, आणि ही वही, जिची शिवण माझी आणि पुठ्ठाही मीच चढवलेला.

शाळा चौदाव्या वर्षी सुटली. जे येतं ते उघडून, बघून, पुन्हा जोडून आलं. सालामांकात शटरं आणि कुलपं दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. दुरुस्त केलेलं दुरुस्त राहतं असा मी एक आहे.

हे सगळं आज आल्मुदेनाला सांगितलं. स्पेनमध्ये शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना राहायला कुटुंबं शोधून देणारी ही बाई. घर पाहायला आली, तोंड हसरं, हातात मोबाइल. मी टेबलाचा सांधा दाखवायला खाली वाकलो तेव्हा तिने विचारलं, इंटरनेट कोणत्या खोलीत चांगलं चालतं. मी उठलो.

विद्यार्थी ठेवायची कल्पना माझ्या बायकोची, कासिल्दाची. दारिओ वायादोलिदला गेल्यापासून या घरात कुणाचा आवाज ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. मी घरात असतो, बोलतोही. तिला काय म्हणायचंय कळलं नाही. आमचा मुलगा तिकडे एका कंपनीत मोटारीवर चालणारी शटरं बसवतो. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. माझ्या हाताखाली कारागीर झाला असता. अंतर काही फार नाही, पण येतो नाताळला, आणि ताट रिकामं झालं की परतीच्या गाडीची वेळ बघतो.

मुलगी फिनलंडची आहे. बुधवारी येते. थंडीची सवय असेल, तेवढं बरं.

बुधवार, ११ जानेवारी

आली. नाव ताइमी. माझ्यापेक्षा उंच. दारातच बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर घरभर फिरली. जानेवारीची फरशी, आणि ही मोज्यांवर. कासिल्दा घाबरून सपाता शोधायला धावली. मुलगी म्हणाली की त्यांच्याकडे घरात बूट घालत नाहीत. कासिल्दा म्हणाली, अगं, हे बूट नव्हेत, सपाता आहेत. मुलीने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, सपाता म्हणजे घरातले बूटच.

वाद घालणारी दिसते.

मी घर समजावून दिलं. न्हाणीघराचं दार जरा उचलून, आपल्याकडे ओढून, मग ढकलायचं. नळाचं वर लिहिलंच आहे. शटरचा पट्टा आधी थोडा खाली, मग एका दमात वर, मध्ये थांबायचं नाही. पलंगाखालचा मधला खण उघडल्याशिवाय बाजूचे उघडत नाहीत. मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "का?"

"का म्हणजे?"

"दार का उचलायचं?"

तसं केलं की उघडतं म्हणून, असं मी सांगितलं. तिने मान हलवली. पटल्याची नव्हे.

शिवाय ती मला पहिल्या वाक्यापासून 'तू' म्हणते. आल्मुदेनाने शिकवून पाठवलंय म्हणे, की इथे घरात सगळे तसंच बोलतात. मी सांगितलं की मला या भागात सगळे मेस्त्री म्हणतात, चर्चचा पाद्रीसुद्धा. तेव्हापासून "मेस्त्री, तू मीठ देतोस का?" असं चाललंय. यापेक्षा आधीचं बरं होतं.

रविवार, १५ जानेवारी

कासिल्दाने काल रात्रीच हरभरे भिजत घातले होते. सकाळपासून रस्सा रटरटत होता: हाडं, चोरिसोचं लाल सॉसेज, कोबी, सगळं. मुलगी जेवली, चांगली जेवली, "छान होतं" म्हणाली, उठली, स्वतःचं ताट धुतलं आणि खोलीत निघून गेली. घास गिळल्याबरोबर. आम्ही दोघं खुर्च्यांवर तसेच. कॉफी व्हायची होती, संत्री सोलायची होती, बोलायचं तर सगळंच राहिलं होतं. रविवारचं जेवण झाल्यावर माणूस टेबलावरून उठतो तो एक तर आजारी असतो किंवा रागावलेला.

कासिल्दाने जाऊन विचारलं, बरं नाही का? मुलगी म्हणाली, "नाही, जेवण झालं."

कासिल्दा परत येऊन म्हणाली, "दारिओसारखीच." मी म्हटलं, दारिओला निदान गाडी पकडायची असते.

शुक्रवार, २० जानेवारी

आठवडाभरात: न्हाणीघराच्या दाराची मूठ हातात आली (उचललं नाही, नुसतं ओढलं). संध्याकाळी अख्ख्या घराची वीज गेली, कारण तिने खोलीत केस वाळवायचं यंत्र लावलं तेव्हा टेबलाखाली शेगडी आणि स्वयंपाकघरात ओव्हन चालू होता. ही तिन्ही एकत्र चालत नाहीत, लहान मुलालाही कळतं. गरम पाण्याखाली जाऊन किंचाळली, म्हणजे गार समजून. आणि शटरचा पट्टा मध्येच सोडल्यामुळे तिच्या खिडकीचं शटर तिरकं अडकलं. आता खोलीत अर्धा उजेड, अर्धा अंधार.

मी दुकान बंद करून आलो, शिडी लावली. ती खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, "मेस्त्री, हे बिघडलंय."

मी तिला समजावलं. बिघडलेली वस्तू म्हणजे जी चालत नाही. ही चालते. फक्त तिची एक पद्धत आहे, आणि ती पद्धत शिकावी लागते. ती म्हणाली, तिच्या घरी शटर नाहीत. मग झोपता कसे, मी विचारलं. म्हणाली, डोळे मिटून.

मला हसू आलं नाही. कासिल्दाला आलं, स्वयंपाकघरातून ऐकू आलं मला.

गुरुवार, २ फेब्रुवारी

कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. बर्फाच्या देशातली मुलगी, आणि सालामांकात तिला थंडी सोसवत नाही. खोलीत कोट घालून, टोपी घालून, पांघरुणात बसून अभ्यास करते. म्हणते, आयुष्यात इतकी थंडी कधी वाजली नाही. त्यांच्याकडे थंडी बाहेर असते, घरात नसते. मी सांगितलं, इथे थंडी सगळीकडे असते आणि ऊब टेबलाखाली असते. येऊन बैस. ती म्हणाली, "तिथे तुम्ही बसता." जणू आम्ही बसतो म्हणून जागा संपते.

शेवटी आज कासिल्दाने तिला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि टेबलाचा घागरा, म्हणजे ऊब धरून ठेवायला भोवती सोडलेलं कापड, तिच्या मांड्यांवर ओढला. यंदा मुलीसाठी म्हणून कासिल्दाने नवा घागरा शिवलाय, जाड लोकरीचा, दुहेरी, पार जमिनीला टेकणारा. मुलगी आधी ताठ बसली. अनोळखी माणसांच्या पायांशेजारी आपले पाय एका कापडाखाली ठेवायचे, हे तिला अवघड गेलं असावं. मग कड्यावर पाय टेकले, ऊब गुडघ्यांपर्यंत आली आणि तिचा चेहरा बदलला. असा चेहरा मी त्या टेबलाची पहिली शेगडी पेटवली तेव्हा कासिल्दाचा पाहिला होता.

ती म्हणाली, "हे तू केलंस?"

मी सांगितलं काय काय केलं ते. सांधा दाखवला. या वेळी कुणी इंटरनेटचं विचारलं नाही. शाळेत त्यांनाही लाकूडकाम शिकवतात म्हणे, मुलींनाही. सांध्यावरून तिने अंगठा फिरवला, जसा फिरवायला हवा तसा.

थोड्या वेळाने म्हणाली, जळका वास येतोय. मी म्हटलं, ओक तापला की असा वास येतो. कासिल्दाने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विणकामात डोकं घातलं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आता रोज बसतात. दुकानातून आलो की जिन्यातच दोघींचे आवाज ऐकू येतात. मुलगी कासिल्दाला मोज्याची टाच विणायला शिकवते, कासिल्दा तिला खालच्या बारवाल्या फेर्मिनची सगळी लफडी सांगते. कालपासून ती जेवण झाल्यावर उठत नाही. संत्रं सोलते, आम्हालाही फोडी देते. मी दार उघडलं की मात्र दोघी गप्प होतात. मी विचारतो, काय चाललंय? "काही नाही." मग मी तिला शेगडीचं बटण कसं फिरवायचं ते सांगतो, कारण ती झटक्याने फिरवते. आणि कड्यावर पाय टेकताना टाच नाही, चवडा टेकवायचा. आणि संत्र्याची सालं तबकात टाकायची नाहीत, कितीही सुवास आला तरी. लोक टाकतात, माहीत आहे मला.

कासिल्दा म्हणाली, "सातुर, बैस ना जरा."

मी बसलेलोच होतो.

सोमवार, १३ फेब्रुवारी

जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारी दुकानातून आलो तर जिन्यात धूर. वर कासिल्दा टेबलाखाली तांब्याने पाणी मारत होती, खिडक्या उघड्या, मुलगी प्लग काढून हातात धरून उभी. नवा घागरा तळहाताएवढा करपलेला, कड्याची एक बाजू कोळशासारखी काळी. ओकची. पंचवीस वर्षं ज्याला एक ओरखडा नव्हता ते कडं.

टेबलाखाली, कड्यावर, मुलीचे ओले मोजे वाळत घातलेले होते. लोकरीचे, स्वतः विणलेले.

जागा नोंदवून ठेवतो, कारण पुढे कुणी काही बोलायला नको. मोजे डावीकडे, तिच्या खुर्चीच्या बाजूला, दोन्ही शाबूत. करपलं ते उजवीकडे, माझ्या खुर्चीखाली. मोज्यांच्या वाफेनेच काहीतरी झालं हे उघड आहे.

मी बोललो. आवाज चढला असेल. म्हटलं, शेगडी म्हणजे कपड्यांची दोरी नव्हे. म्हटलं, ज्याला वस्तू करता येत नाही त्याने तिला हात लावू नये.

मुलीने प्लग टेबलावर ठेवला. माफी मागितली, एकदा, स्पष्ट. आणि खोलीत गेली. कासिल्दा माझ्याकडे बघत राहिली, तांब्या हातात. का ते कळलं नाही, पण मी बोललेलं शेवटचं वाक्य ऐकून ती खाली बसली होती, फरशीवर, ओल्यात.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

कुणी बोललं नाही. शेगडी बंद. मसुराची आमटी. मुलगी जेवली, उठली, ताट धुतलं, गेली.

बुधवार, १५ फेब्रुवारी

आल्मुदेनाचा फोन, दुकानात. मुलीने दुसरं घर मागितलंय. तक्रार काही नाही, उलट कापडाचे पैसे द्यायची तिची तयारी आहे. तिचं म्हणणं एवढंच, की तिच्यामुळे घरात अबोला झालाय आणि ती गेली की तो जाईल. आल्मुदेनाने विचारलं, शुक्रवारपर्यंत काय ते कळवाल का? म्हटलं, कळवतो.

पैसे द्यायची तयारी म्हणजे कबुलीच, नाही का?

घरी येऊन कासिल्दाला सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"ती गेली तर तू त्या टेबलावर एकटा जेव. मी इथे जेवेन. उभ्याने."

मी म्हटलं, एका परक्या मुलीसाठी?

"दारिओच्या वेळी मी गप्प बसले, सातुर. तू त्यालाही हेच म्हणाला होतास. शब्द थोडे वेगळे, एवढंच."

मी म्हटलं, त्याला कधी म्हणालो? ती म्हणाली, त्याने एकदा टेबलाखाली डोकं घातलं होतं, म्हणाला होता की शेगडीचा वास येतोय, बाबा, आतून बघू या का. आणि तू म्हणालास, आधी एक करून दाखव, मग माझीला हात लाव.

मला हे वाक्य आठवत नाही. वाक्य माझ्यासारखं वाटतं, एवढं मात्र खरं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

दुकान उघडलं नाही. आल्मुदेनाला लेखी कळवायचं ठरवलं, पुराव्यानिशी. उगाच कुणावर आळ घ्यायची मला सवय नाही. मुलगी विद्यापीठात गेल्यावर काम सुरू केलं.

कड्याची जळकी बाजू काढून तिथे फळी बसवली. घागऱ्याऐवजी जुनं ब्लँकेट, दुहेरी. माझाच एक लोकरीचा मोजा ओला करून, पिळून, मुलीने ठेवला होता तिथे नेमका ठेवला. शेगडी लावली. शेजारी पाण्याची बादली घेऊन बसलो.

कासिल्दा बाजारातून आली. तिने मला पाहिलं, बादली पाहिली, ब्लँकेट वर करून मोजा पाहिला. पिशवी घेऊन आत गेली. त्याचाच जास्त राग आला.

मोजा वाळला. छान वाळला. वास नाही, डाग नाही.

मग मोजा काढला आणि नुसती शेगडी चालू ठेवली, बटण मधल्या खुणेवर. या खुणेवर ती ठरावीक उष्णतेला आपोआप बंद व्हायला हवी. झाली नाही. जेवणाची वेळ झाली तरी नाही. माझ्या खुर्चीच्या बाजूने वास यायला लागला. तोच, ओक तापल्याचा. नवी फळी पाइनची होती.

प्लग काढला, तबक उलटं केलं. उष्णता मापून वीज तोडणारा भाग चांगला आहे, दुकानात नेऊन तपासला. विकतचा आहे, या शेगडीत तेवढा एकच भाग मी केलेला नाही. त्याच्यात दोष असता तर बरं झालं असतं. दोष तो बसवला आहे तिथे आहे. तो वर बसवायचा असतो, तारेच्या जवळ. मी तबकाखाली बसवला, वरून दिसू नये म्हणून, पितळ सुबक दिसावं म्हणून. खाली फरशीचा गारवा. त्याला बिचाऱ्याला वाटतं, अजून तापायचंच आहे. इतकी वर्षं पातळ कापडातून ऊब निसटत होती म्हणून भागलं. यंदा कापड जाड झालं.

हे मी कुणाला लिहिणार होतो? आल्मुदेनाला?

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

सकाळी बाहेर पडलो आणि शेगडी विकत घेतली. माझ्या भागात नाही. पूल ओलांडून, नदीपलीकडच्या दुकानात, जिथे मला कुणी ओळखत नाही. विक्रेता कोवळा पोरगा. त्याने मला बटण कसं फिरवायचं ते दाखवलं. सावकाश फिरवा, काका, झटका द्यायचा नाही. वरची जाळी काढायची नाही. ओलं काही ठेवायचं नाही. मग विचारलं, बसवून द्यायला माणूस पाठवू का? मी म्हटलं, नको. तो म्हणाला, सोपं नसतं हं, काका.

येताना खोकं कोटाखाली बसेना. बारच्या दारात फेर्मिन उभाच. "मेस्त्री, खोक्यात काय?" म्हटलं, काही नाही. "चित्र तर शेगडीचं आहे." मग आत वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा रे, आज मेस्त्रीने वस्तू विकत घेतली, उद्या पोप लग्न करणार." आता वर्षभर हे ऐकायचं.

जेवायच्या वेळेला दोघी होत्या. ताटं मांडलेली. मी खोकं टेबलावर ठेवलं, उघडलं, शेगडी खाली बसवली, लावली. कुणी विचारलं नाही, म्हणून मलाच बोलावं लागलं. म्हटलं, मोज्यांचा काही संबंध नव्हता. शेगडीत दोष होता, माझ्या जोडणीचा. कुठला ते आकृती काढून दाखवलं.

मुलगी म्हणाली, "माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"मेस्त्री, तू विचारलं नाहीस. तू सांगत होतास."

कासिल्दा बशीकडे बघत होती. मुलगी आणखी काहीतरी विचार करत होती, तिचं तसं कपाळावर दिसतं. मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "मग न्हाणीघराचं दारपण बिघडलेलं आहे?"

मी म्हटलं, दार बिघडलेलं नाही.

कासिल्दा हसायला लागली. आधी रुमाल तोंडावर धरून, मग रुमालही सोडून. डोळ्यांतून पाणी. खुर्चीला धरून उठली, बसली, बोलायला गेली तर शब्द फुटेना. शेवटी म्हणाली, "लग्न झाल्यापासून ते दार उचलतेय मी, सातुर. माझ्या खांद्याला विचार." मुलगीही हसायला लागली, मोठ्याने, तोंड उघडून. तिला असं हसता येतं हे महिनाभरात कळलं नव्हतं.

यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण मी कॉफी केली.

कॉफी पिताना मुलीला म्हटलं, आल्मुदेनाला काय कळवायचं? ती म्हणाली, तू काय कळवणार आहेस? म्हटलं, आधी तू सांग. ती म्हणाली, "मला इथे थंडी कमी वाजते." आणि संत्रं घेतलं.

याला त्यांच्याकडे 'राहते' म्हणत असतील. मी तसंच धरलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

दारिओ आला. नाताळ नसताना. कासिल्दाने फोनवर सांगितलं होतं, तुझ्या बापाने शेगडी विकत आणली. तो म्हणाला म्हणे, बघायला येतो.

आल्या आल्या टेबलाखाली डोकं घातलं. बघण्यासारखं काय आहे त्यात, कारखान्याची वस्तू, सगळ्या सारख्याच. तो म्हणाला, चांगली आहे. मी म्हटलं, ठीक आहे. मग तो जुनी पितळी शेगडी घेऊन बसला, उलटी-सुलटी करून बघितली, तो भाग कुठे बसवलाय ते पाहिलं. मी वाट बघत होतो. तो फक्त म्हणाला, "पितळ सुंदर घासलंय, बाबा."

जेवणाआधी हात धुवायला गेला आणि न्हाणीघराच्या दारापाशीच थांबला. मुलगी त्याला काहीतरी दाखवत होती: असं उचल, असं ओढ. तो म्हणाला, मला शिकवतेस? मी या दारावर लहानाचा मोठा झालो. मग वाकून बघितलं.

"वरची बिजागरी खाली बसलीय. आत एक वॉशर टाकला की झालं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

खरंच माहीत होतं. दार बसवलं त्याच आठवड्यात माहीत झालं होतं. पण तोवर मी सगळ्यांना पद्धत शिकवून बसलो होतो.

तो उभा राहिला, हात खिशात. मुलगी उभी राहिली. कासिल्दा स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात झारा. मी पेटीतून पेचकस काढला. माझ्या पेटीतला पेचकस आजवर मी कुणाच्या हातात दिलेला नाही, कारण लोक तो चुकीच्या खणात परत ठेवतात. दारिओला दिला. म्हटलं, मग टाक.

मुलीने दार तोललं, त्याने वॉशर टाकला. माझ्यापेक्षा वेळ जास्त लागला. पेचकस चुकीच्या खणात ठेवला. मी नंतर जागेवर ठेवला, कुणी बघत नसताना.

जेवण झाल्यावर कुणी उठलं नाही. दारिओने गाडीची वेळ पाहिली नाही, किंवा मला दिसू दिलं नाही. मुलगी तिच्या गावच्या तळ्याबद्दल सांगत होती, आतापर्यंतचं तिचं सगळ्यात लांब बोलणं. मध्येच मी न्हाणीघरात जायला उठलो, सवयीने दार उचललं आणि ते इतकं हलकं आलं की मी भिंतीवर आपटलो. टेबलावरून तिघांचं हसणं ऐकू आलं. बाहेर येऊन दाराची चौकट तपासली. काही झालेलं नाही.

एक गोष्ट शुक्रवारी लिहायची राहिली. आल्मुदेनाला फोन केला तेव्हा तिने आधीच सोय करून ठेवली होती. ताइमीला दुसरीकडे हलवायचं आणि तिच्या जागी आमच्याकडे ब्राझीलचे एक न्यायाधीश, अभ्यासाच्या रजेवर आलेले: वयाने माझ्याएवढे, शांत, घरात सपाता घालणारे, संध्याकाळी बाहेरच जेवणारे, जूनअखेरपर्यंत. मी नाही म्हटलं. तिने कारण विचारलं. म्हटलं, नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला मला वेळ नाही.

न्यायाधीशांचे महिना अकराशे पन्नास युरो. मुलीचे येतात त्याच्या दुप्पट.